लिथियम तांबड्या पेशीत शिरतं किती, आणि ते मोजायचं कसं?

माझी मावशी मनोविकारावर लिथियमच्या गोळ्या घेते, आणि दर तीन महिन्यांनी तिला रक्तातली लिथियमची लेव्हल तपासावी लागते. रात्री नऊला गोळी, सकाळची गोळी तशीच ठेवायची, आणि बरोबर नऊच्या ठोक्याला लॅबमध्ये हात पुढे करायचा. शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी रक्त द्यायचं, हे गणित तिला वर्षानुवर्षं पाठ आहे. मागच्या खेपेला रिपोर्टवर ०.७ आलं. डॉक्टर म्हणाले, छान आहे. परत येताना रिक्षात तिने मला विचारलं, “अगं, हे रक्तातलं झालं. माझा आजार तर डोक्यात आहे. तिथे किती पोचलं, ते कोण सांगणार?”

हा प्रश्न १९७०च्या दशकात संशोधकांनाही छळत होता. मेंदूतली पेशी काही सुईने काढून बघता येत नाही. मग त्यांनी हाताशी असलेली पेशी घेतली, रक्तातली तांबडी पेशी. लिथियम तिच्यात किती शिरतं, कुठल्या वाटेने शिरतं आणि कोण त्याला परत बाहेर काढतं, हे त्यांनी मोजून काढलं. ते कसं, तेच इथे सांगते.

आधी रिपोर्टवरचा आकडा समजून घेऊ. ०.७ म्हणजे लिटरमागे ०.७ मिलिमोल. मिलिमोल हे वजन नाही, ती कणांची मोजणी आहे; आंबे किलोवर न घेता डझनावर घ्यावेत तशी. लिथियम हा सगळ्यांत हलका धातू, त्यामुळे वजनात हे लिटरला जेमतेम पाच मिलिग्रॅम भरतं. त्याच लिटरभर रक्तद्रवात मिठातलं सोडियम असतं सुमारे १४० मिलिमोल. म्हणजे लिथियमच्या एका कणामागे सोडियमचे दोनशे. आणि हा आकडा फक्त रक्तद्रवातला आहे, पेशींच्या बाहेरचा. पेशींच्या पोटात काय आहे, याबद्दल रिपोर्ट एक अक्षर बोलत नाही.

ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या मनोविकारतज्ज्ञाने १९४९ साली उन्मादाच्या रुग्णांवर लिथियमचा गुण येतो हे छापून सांगितलं. त्याच साली अमेरिकेत हृदयरोग्यांना मिठाऐवजी लिथियम क्लोराइड दिलं गेलं आणि त्यातून माणसं दगावली. औषध तेच, पण मोजल्याशिवाय दिलेलं. आज नेहमीसाठी साधारण ०.६ ते १.० ही पट्टी धरतात, आणि १.५च्या पुढे विषबाधेची भीती सुरू होते. गुण आणि घात यांत इतकं थोडं अंतर असलेली औषधं फार नाहीत. म्हणून लिथियमच्या बाबतीत मोजणं हा उपचाराचाच भाग आहे.

घात होण्याचं एक कारण असं, की लिथियम हा सोडियमचा धाकटा भाऊ. दोघांवरही एकच धनभार. मूत्रपिंड त्यांच्यात पुरता फरक करत नाही. उन्हाळ्यात घाम गेला, जुलाब झाले, निर्जळी उपवास धरला, की शरीर सोडियम धरून ठेवायला लागतं आणि त्याच्याबरोबर लिथियमही धरून ठेवतं. रक्तातली लेव्हल गोळी न वाढवता वाढते. मावशीच्या डॉक्टरांनी तिला एप्रिल-मेमध्ये पाण्याची बाटली बरोबर ठेवायला आणि गुडघे दुखले तरी आयबुप्रोफेन मनाने न घ्यायला सांगितलंय, ते याचसाठी. हा विषय इथे काढला, कारण हे भाऊपण पुढे पेशीच्या दारातही दिसणार आहे.

आता तांबडी पेशीच का? तिच्यात केंद्रक नसतं, ऊर्जेचे कारखाने नसतात. हिमोग्लोबिनने भरलेली एक पातळ पिशवी, एवढंच. पाच मिली रक्तात अशा अब्जावधी पिशव्या मिळतात, त्या रुग्णाला त्रास न देता मिळतात, आणि त्या पिशवीचं कातडं, म्हणजे पेशीपटल, इतर पेशींच्या पटलासारखंच दारं-खिडक्या बाळगून असतं. फ्रेझर आणि मेंडेल्स यांच्या गटाने १९७३च्या सुमारास उंदरांमध्ये असं दाखवलं, की मेंदूतल्या लिथियमचा अंदाज रक्तद्रवापेक्षा तांबड्या पेशींवरून जास्त चांगला येतो. त्यानंतर या पेशीकडे सगळ्यांचं लक्ष वळलं.

आणि पहिल्याच मोजणीत कोडं निघालं. तांबड्या पेशीची आतली बाजू बाहेरच्या मानाने थोडी ऋणभारित असते. धनभाराच्या कणाला आत ओढ असते. मधे कोणी आलं नाही, तर कालांतराने लिथियम आत बाहेरच्यापेक्षा थोडं जास्तच भरायला हवं. प्रत्यक्षात रुग्णांच्या पेशींत ते बाहेरच्या निम्म्याहूनही कमी भरतं. आतलं भागिले बाहेरचं हे गुणोत्तर पुष्कळांत ०.३ ते ०.५च्या आसपास येतं, आणि माणसामाणसांत बराच फरक पडतो.

ज्यांनी गावाकडची विहीर बघितली आहे, त्यांना हे लगेच कळेल. शेजारी ओढा भरून वाहतोय, विहिरीला पाझर आहे, तरी विहिरीतलं पाणी ओढ्याच्या पातळीला येत नाही. पाझर बंद म्हणावा तर पाणी येताना दिसतं. मग एकच अर्थ निघतो: कोणीतरी मोट चालवतंय. तांबड्या पेशीतही पाझर आहे आणि मोट आहे, आणि सगळा शोध त्या मोटेचा आहे.

मोटेकडे जायच्या आधी, गुणोत्तर मोजतात कसं ते बघू. कारण चुका इथेच होतात.

एक पद्धत सरळ हिशेबाची. सबंध रक्तातलं लिथियम मोजा, रक्तद्रवातलं मोजा, आणि रक्तात पेशींचा वाटा किती ते मोजा. समजा सबंध रक्तात ०.६० आलं, रक्तद्रवात ०.८० आलं, आणि पेशींचा वाटा ४० टक्के आहे. लिटरभर रक्तातल्या ६० टक्के रक्तद्रवाने ०.४८ आणलं. उरलं ०.१२, ते पेशींचं. पेशी ४० टक्केच, म्हणून ०.१२ला ०.४ने भागलं: ०.३०. गुणोत्तर ०.३० भागिले ०.८०, म्हणजे ०.३७५. झालं.

पण आता समजा यंत्राने सबंध रक्ताचा आकडा ०.६०ऐवजी ०.६२ दिला. फरक ०.०२चा, कोणी लक्षही देणार नाही. तोच हिशेब पुन्हा करा. पेशींत ०.३५, गुणोत्तर ०.४४. तीन टक्क्यांची चूक शेवटी सतरा टक्क्यांची होऊन बसली. दोन मोठ्या आकड्यांच्या वजाबाकीतून लहान आकडा काढताना हे होतंच. म्हणून असं गुणोत्तर वाचताना ते कोणत्या पद्धतीने काढलं, हे मी आधी बघते.

दुसरी पद्धत थेट. रक्त सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. वर पिवळसर रक्तद्रव, मधे पांढऱ्या पेशींची मलईसारखी पातळ साय, खाली गच्च बसलेल्या तांबड्या पेशी. वरचं काढून टाकायचं, साय काढून टाकायची, तांबड्या पेशी घ्यायच्या. तरी त्या कितीही गच्च बसल्या, तरी फटींत थोडा रक्तद्रव अडकून राहतोच. तो दोन-तीन टक्केच असतो, पण त्याच्यात लिथियम पेशीपेक्षा दुप्पट-तिप्पट असल्याने आकडा फुगवतो. म्हणून पेशी धुवायच्या. धुवायचं पाणी बर्फासारखं गार हवं, म्हणजे दारं मंदावतात. आणि ते साधं सलाइन नको. सलाइनमध्ये सोडियम असतं, आणि बाहेर सोडियम दिसलं की पेशी आतलं लिथियम सोडायला लागते. म्हणून मॅग्नेशियम क्लोराइडच्या किंवा कोलीन क्लोराइडच्या द्रावणाने धुतात. धुण्याच्या या एका बारीक सूचनेत मोटेचं अर्धं गुपित आलं आहे.

धुतल्यावर पेशी पाण्यात फोडायच्या आणि लिथियम मोजायचं. गॅसवर वरण किंवा खारं पाणी उतू गेलं की निळी ज्योत भसकन पिवळी होते, ते तुम्ही बघितलं असेल. ते पिवळं म्हणजे सोडियम. लिथियम ज्योतीत गेलं की ती किरमिजी लाल होते. त्या लाल प्रकाशाची लांबी ठरलेली, ६७०.८ नॅनोमीटर. फ्लेम फोटोमीटर तेवढाच प्रकाश वेगळा करून त्याचा जोर मोजतो. अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्सॉर्प्शनचं यंत्र याच्या उलट जातं: त्याच लांबीचा प्रकाश ज्योतीतून पाठवायचा आणि लिथियमने त्यातला किती गिळला ते बघायचं. दवाखान्यांच्या लॅबमध्ये आता बहुतेक इलेक्ट्रोडवर किंवा रंग बदलणाऱ्या रसायनावर काम चालतं, पण पेशीवरचं मूळ काम या ज्योतींनी केलेलं आहे.

आणखी एक जागा, जिथे सगळी मेहनत वाया जाते. रक्त गोठू नये म्हणून काही नळ्यांत हेपॅरिन घातलेलं असतं. हेपॅरिन दोन प्रकारचं मिळतं, सोडियमचं आणि लिथियमचं. दोन्ही नळ्यांची टोपी हिरवीच. लिथियम हेपॅरिनच्या नळीत रक्त घेतलं, तर नळीतलंच लिथियम आकड्यात मिसळतं आणि गोळी न घेणाऱ्या माणसाचीही लेव्हल विषबाधेइतकी दिसू शकते. मावशीचा एकदा असाच भलता आकडा आला होता. ती ठणठणीत बसलेली, हात थरथरत नाहीत, चालताना झोक जात नाही, आणि कागदावर २च्या वर. आम्ही रात्रभर जागे होतो. दुसऱ्या दिवशी साध्या नळीत रक्त घेतलं आणि नेहमीचा आकडा आला. त्या रात्री तिच्या तोंडावर जी भीती होती ती मी विसरलेली नाही.

आता पेशीची दारं. लिथियमसाठी म्हणून निसर्गाने एकही दार बांधलेलं नाही. ते दुसऱ्यांच्या दारांतून घुसतं. पहिलं दार म्हणजे सोडियम-पोटॅशियम पंप. तो सोडियम बाहेर आणि पोटॅशियम आत नेतो. प्रयोगशाळेत बाहेरचं सोडियम-पोटॅशियम काढून घेतलं, तर हा पंप लिथियमला पोटॅशियम समजून आत घेतो. पण खऱ्या रक्तात खरे गिऱ्हाईक समोर असताना तो लिथियमकडे फारसा बघत नाही. दुसरं, सोडियम, पोटॅशियम आणि क्लोराइड एकत्र नेणारी वाट. तिचाही खऱ्या रक्तात वाटा लहान. तिसरा नुसता पाझर, हळूहळू आत झिरपणारा.

चौथं दार मात्र बघण्यासारखं आहे. तांबड्या पेशीच्या पटलात एक प्रथिन असतं, ज्याचं काम बायकार्बोनेट आणि क्लोराइड यांची अदलाबदल करणं. आपण उच्छ्वासातून जो कार्बन डायऑक्साइड टाकतो, त्याच्या वाहतुकीसाठी ते लागतं. ते फक्त ऋणभाराच्या कणांना सोडतं. लिथियमवर धनभार, तेव्हा त्याला इथे मज्जाव हवा. पण लिथियमचा कण कार्बोनेटच्या कणाला चिकटला, की कार्बोनेटचे दोन ऋणभार आणि लिथियमचा एक धनभार मिळून एक ऋणभार शिल्लक राहतो. या जोडीला ते प्रथिन आपलं समजून आत सोडतं. रक्तात बायकार्बोनेट भरपूर, त्यामुळे ही वाट कायम थोडी चालू असते. प्रयोगाच्या द्रावणात बायकार्बोनेट घालायला विसरलं, तर ही वाट दिसतच नाही, आणि माणसाच्या शरीरात काय होतं त्याचं चित्र अपुरं राहतं.

पाचवं दार ही आपली मोट. ती आतलं एक लिथियम बाहेर देते आणि बाहेरचं एक सोडियम आत घेते. एकास एक. तिला स्वतःचं इंधन लागत नाही. बाहेर सोडियम १४०, आत दहाच्या आसपास, त्यामुळे सोडियमला आत यायची प्रचंड ओढ असते. त्या ओढीवर लिथियम चढाच्या दिशेने बाहेर ढकललं जातं. हास, शूलर आणि टॉस्टेसन यांनी १९७५ साली ही जोडी उघड केली. १९७८ साली शिकागोतले घनश्याम पांडे आणि टॉस्टेसन यांनी सहकाऱ्यांसह माणसाच्या तांबड्या पेशीतल्या लिथियमच्या वाटा एकत्र मांडल्या.

पाच दारांतून एकाच वेळी ये-जा चालू असताना एकाचीच मोजणी कशी करायची? बाकीची बंद करून. आणि ती बंद करणारी कुलपं मोठी गमतीची आहेत. पंप बंद करतं ऊआबेन, जे आफ्रिकेत बाणांच्या टोकाला लावायच्या वनस्पतिविषातून आलं. एकत्र नेणारी वाट बंद करतं फ्युरोसेमाइड, आपल्याकडे पायाला सूज आली की देतात ते लघवीचं औषध. बायकार्बोनेटची वाट रोखतं डायपिरिडॅमोल. आणि मोटेला अडवतं फ्लोरेटिन, जे सफरचंदाच्या झाडात सापडतं. एकेक कुलूप लावत जायचं आणि लिथियमचा वेग किती घटला ते लिहीत जायचं. घट म्हणजे त्या दाराचा वाटा.

मोट मोजायचा रूढ प्रयोग असा. ताज्या रक्तातल्या पेशी ३७ अंशांवर तीन तास १५० मिलिमोल लिथियम क्लोराइडमध्ये ठेवायच्या. औषधाच्या मानाने हे अफाट आहे, पण इथे पेशी लिथियमने भरून घ्यायची आहे. मग गार मॅग्नेशियम द्रावणाने चार-पाचदा धुवायची. आता त्याच पेशींचे दोन भाग करायचे. एक भाग सोडियमच्या द्रावणात, दुसरा मॅग्नेशियमच्या. दोन्हींत ऊआबेन, म्हणजे पंप बंद. दोन्ही ३७ अंशांवर. ठरावीक मिनिटांनी नमुना काढायचा, लगेच फिरवायचा, वरच्या पाण्यात किती लिथियम आलं ते ज्योतीवर मोजायचं. वेळेसमोर लिथियम मांडलं की दोन तिरप्या रेघा मिळतात. मॅग्नेशियमची रेघ कमी चढाची, कारण तिथे बदल्यात घ्यायला सोडियम नाही, नुसता पाझर आहे. सोडियमची रेघ जास्त चढाची. दोन चढांमधला फरक म्हणजे मोटेचा वेग. समजा सोडियममध्ये लिटरभर पेशींमधून ताशी ०.४० मिलिमोल निघालं आणि मॅग्नेशियममध्ये ०.१२, तर मोटेचा वेग ०.२८.

या प्रयोगात एखादी पेशी जरी फुटली तरी तिचं सगळं लिथियम बाहेर येतं आणि चढ खोटा वाढतो. म्हणून वरच्या पाण्याला गुलाबी छटा आली का, हे डोळ्यांनी बघायचं असतं. हिमोग्लोबिन बाहेर आलं म्हणजे पेशी फुटल्या.

या मोजणीने पुढे भलत्याच दिशेला वळण घेतलं. १९८० साली मित्सी कानेसा, टॉस्टेसन आणि सहकाऱ्यांनी ती उच्च रक्तदाबाच्या रुग्णांत केली, ज्यांचा लिथियमशी काही संबंध नव्हता. निरोगी माणसांत वेग सरासरी ०.२४ आला, रक्तदाबाच्या रुग्णांत ०.५५. दुपटीहून जास्त. या वेगात आनुवंशिकतेचा वाटा असल्याचंही दिसलं, आणि पुढे मधुमेहातल्या मूत्रपिंडाच्या विकाराशीही त्याचा धागा जुळवला गेला. मनोविकाराच्या औषधासाठी शोधलेल्या दारावर रक्तदाबाच्या अभ्यासकांची इतकी गर्दी झाली, की ते मोडायचंच बाकी राहिलं.

या सगळ्या पद्धतींत पेशी काढायची, धुवायची, फोडायची. काही न फोडता आत बघायची युक्ती चुंबकाने दिली. नैसर्गिक लिथियममधले ९२ टक्क्यांहून जास्त अणू लिथियम-७ असतात आणि त्यांचं केंद्रक इवल्या चुंबकासारखं वागतं. जोरदार चुंबकात नळी ठेवून रेडिओ लहरी दिल्या की ते उत्तर देतं. अडचण अशी, की आतलं आणि बाहेरचं लिथियम एकाच सुरात बोलतं. मग द्रावणात डिस्प्रोशियमचं एक संयुग घालतात, ज्याच्यावर ऋणभार इतका असतो की ते पेशीत शिरूच शकत नाही. बाहेरचं लिथियम त्याच्याजवळ जातं आणि त्याचा सूर सरकतो. आता दोन शिखरं दिसतात, एक आतलं, एक बाहेरचं, आणि मिनिटामिनिटाला एक वाढताना आणि दुसरं घटताना दिसतं. शिकागोच्याच लोयोला विद्यापीठात दुआर्ते मोटा द फ्रेटास यांच्या गटाने यावर बरीच वर्षं काम केलं. त्यातूनच कळलं, की एवढा ऋणभार द्रावणात ओतला की पटलावरचा विद्युतदाबच बदलतो आणि लिथियमची वाटणीही त्याबरोबर हलते. मोजायला गेलं आणि मोजायची गोष्टच बदलली. म्हणून दुसरी वाट काढली: पेशीतल्या दाट वातावरणात लिथियमचं केंद्रक लवकर शांत होतं, बाहेर हळू होतं. बाहेरचा आवाज शून्यावर असेल नेमका तो क्षण साधला, की आतलं एकटं ऐकू येतं, काहीही न मिसळता.

मग हे गुणोत्तर मावशीच्या रिपोर्टवर का नाही? कुणाला लिथियम लागू पडेल हे तांबड्या पेशीवरून आधीच सांगता येईल, अशी १९७०च्या दशकात मोठी आशा होती. काही अभ्यासांत संबंध दिसला, काहींत दिसला नाही. शिवाय लिथियम सुरू झालं की काही दिवसांत ते स्वतःच मोटेला मंदावतं, त्यामुळे पहिल्या आठवड्यातलं गुणोत्तर आणि नंतरचं यांत फरक पडतो. त्यात वर सांगितलेली वजाबाकीची चूक. रोजच्या उपचाराला रक्तद्रवातला बारा तासांचा आकडा जास्त भरवशाचा ठरला, आणि तोच राहिला. मला हा निर्णय योग्य वाटतो.

मेंदूचं उत्तर शेवटी मेंदूतूनच आलं. तेच लिथियम-७, तोच चुंबक, फक्त माणूस आडवा मावेल एवढा मोठा. इंग्लंडमधल्या न्यूकॅसलच्या गटाने २०१८ साली गोळ्या घेणाऱ्या रुग्णांच्या मेंदूतल्या लिथियमचे त्रिमित नकाशे काढले. ते सगळीकडे सारखं पसरलेलं नव्हतं; कुठे जास्त, कुठे कमी.

हे मी मावशीला मोबाइलवर चित्र काढून दाखवलं. तिने मोटेचं लगेच ओळखलं; तिच्या माहेरी विहीर होती. मग तिने विचारलं, “म्हणजे माझी मोट जोरात चालते का हळू?” तिच्या रिपोर्टवरून ते सांगता येत नाही, असं मी म्हटलं. पुढची तपासणी बारा तारखेला आहे. नळीची टोपी कुठली आहे ते बघायला मी बरोबर जाणार आहे.